एडिटिंगसाठी कॉम्प्युटर घेताना: आधी फुटेज, मग सॉफ्टवेअर, शेवटी मशीन

लग्नाचं शूटिंग करणारे, यूट्यूब चॅनल चालवणारे, जाहिरात संस्थेत रील्स कापणारे, सगळ्यांची तक्रार एकच असते: महागडं ग्राफिक्स कार्ड घेतलं, तरी व्हिडिओ एडिटिंगमधली टाइमलाइन (क्लिप्स मांडायची पट्टी) अडखळतेच. बहुतेक वेळा दोष कार्डाचा नसतो. कॅमेऱ्यातून येणारी फाइल, ती उघडणारं सॉफ्टवेअर आणि ती उलगडणारी चिप या तिघांचं जमलेलं नसतं. म्हणून खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जाण्याआधी घरी बसून अर्ध्या तासाचं एक काम करावं लागतं.

फुटेजची कुंडली

मीडियाइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. नेहमीच्या कॅमेऱ्याची, ड्रोनची आणि फोनची एकेक क्लिप त्यात टाका आणि व्ह्यू मेनूतून टेक्स्ट निवडा. भली मोठी यादी येईल, त्यातल्या पाचच गोष्टी टिपून ठेवा: फॉरमॅट, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची किती माहिती राखली), बिट डेप्थ (रंगांच्या छटा किती बारीक), बिट रेट (सेकंदाला किती डेटा) आणि फ्रेम रेट मोड (फ्रेम्सचा वेग स्थिर की बदलता).

फॉरमॅटपुढे एव्हीसी दिसलं तर फाइल एच.२६४ ची, एचईव्हीसी दिसलं तर एच.२६५ ची. या दोन्ही पद्धतींत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली जात नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं याची नोंद असते. फाइल त्यामुळे लहान होते, पण टाइमलाइनवर मध्येच कुठे क्लिक केलं की कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून हिशोब करत यावं लागतं. उलटं प्ले करताना किंवा भराभर स्क्रब करताना हे सतत होतं. फाइल सरळ प्ले करताना छान चालते आणि कापताना रडते, त्याचं कारण हे. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या खास एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. फाइल कैकपट मोठी, पण कापायला हलकी.

क्रोमा सबसॅम्पलिंग ४:२:० आणि बिट डेप्थ ८ असेल तर गेल्या काही वर्षांतलं कुठलंही बरं मशीन ती क्लिप सहज उचलतं. घोडं अडतं ते ४:२:२, १० बिटवर, आणि लग्नाच्या व्यवसायात आता बरेच मिररलेस कॅमेरे नेमकं हेच रेकॉर्ड करतात.

एच.२६५ मधलं ४:२:२ १० बिट उलगडायची सोय इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत आहे, पण प्रोसेसरच्या आत बसवलेल्या ग्राफिक्समध्ये. ॲपलच्या एम मालिकेतही आहे. एनव्हिडियाने ती थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत दिली, म्हणजे आरटीएक्स ४०९० सारखं महागडं कार्डही या एका कामात साध्या इंटेल आय५ च्या मागे राहतं. रायझनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ही सोय नाही. रायझनच घ्यायचा असेल तर जोडीला आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड ठेवा. आणि तुमचा कॅमेरा एच.२६४ मध्येच ४:२:२ १० बिट देत असेल, तर जुन्या बहुतेक चिप्स हात वर करतात. तिथे आरटीएक्स ५० किंवा खाली सांगितलेल्या प्रॉक्सी (हलक्या नकला), हाच खात्रीचा मार्ग.

यातूनच खरेदीतली सगळ्यात मोठी फसगत होते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं. दुकानदार म्हणतो, ‘कार्ड लावतोच आहात, एफवाला घ्या, थोडे पैसे वाचतील.’ गेमिंगसाठी सल्ला रास्त आहे. एडिटिंगसाठी नाही.

सॉफ्टवेअर: कशाला पैसे द्यावेत

नव्याने सुरुवात करणाऱ्याने डाविंची रिझॉल्व्ह शिकावं, असं आमचं सरळ मत आहे. मोफत आवृत्तीत ३८४० × २१६० आकारापर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेम्सपर्यंतचं काम होतं. रंगाची हत्यारं जवळपास सगळी मिळतात. स्टुडिओ आवृत्तीची अधिकृत किंमत अनेक वर्षं २९५ डॉलर राहिली आहे आणि ते पैसे एकदाच द्यायचे. एका परवान्यावर दोन मशीन चालतात.

मोफत आवृत्तीच्या मर्यादा मात्र नीट समजून घ्या. विंडोजवर ती एच.२६४ आणि एच.२६५ उलगडण्यासाठी ग्राफिक्स कार्डाची पूर्ण मदत घेत नाही आणि ४:२:२ १० बिटच्या क्लिपचा अनेकदा आवाज येतो, चित्र येत नाही. लोक फाइल खराब आहे समजून मेमरी कार्ड पुन्हा कॉपी करत बसतात. लिनक्सवरच्या मोफत आवृत्तीत एच.२६४ उघडतच नाही. अंधाऱ्या हॉलमधल्या फुटेजचा दाणा काढणारं नॉइज रिडक्शनही स्टुडिओतच आहे. संध्याकाळच्या रिसेप्शनची कामं घेणाऱ्याने तेवढ्यासाठी स्टुडिओ घेतली तरी पैसे वसूल होतात.

ॲडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली. प्रीमियरसाठी म्हणून आज ते भाडं भरावं असं वाटत नाही. पण आफ्टर इफेक्ट्स, फोटोशॉप आणि प्रीमियर तिन्ही रोज लागत असतील, किंवा ज्या संस्थेचं काम घेता ती प्रीमियरच्याच फाइल्स मागत असेल, तर पर्याय नाही. मोशन ग्राफिक्समध्ये आफ्टर इफेक्ट्सच्या तोडीचं, तितक्या टेम्प्लेट्स आणि प्लगइन्ससह दुसरं काही नाही. रिझॉल्व्हमधलं फ्यूजन कंपोझिटिंगला (थरांवर थर चढवून दृश्य रचायला) दमदार आहे, पण नावं नाचवायला ते शिकणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

जुन्या लग्न स्टुडिओंत एडियस हे एडिटिंग सॉफ्टवेअर अजून पाय रोवून आहे. त्यावर हात बसलेला असेल आणि गिऱ्हाईक खूश असेल तर उगाच बदलू नका.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल एवढंच: ते बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि रॅन्समवेअरला (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला) नेमकं तेवढंच दार हवं असतं.

काय घ्यावं, कुठे हात आखडावा

किमती आठवड्याला बदलतात, म्हणून रुपयांऐवजी क्रम देतो.

प्रोसेसर मधल्या वरच्या वर्गातला, एफ नसलेला: इंटेल कोअर अल्ट्रा ७ २६५ किंवा आधीच्या पिढीतला आय५ १४५००. सेकंडहँड १३ व्या, १४ व्या पिढीतला आय७ किंवा आय९ कोणी स्वस्तात देत असेल तर सावध राहा. या चिप्समध्ये जादा व्होल्टेजमुळे कायमची अस्थिरता येण्याचा दोष २०२४ मध्ये इंटेलने मान्य केला, बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या सॉफ्टवेअरमधून) नवा मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सुधारित सूचना, दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेली चिप मायक्रोकोडने सुधारत नाही. त्यामुळे मूळ बिल मागा आणि मशीनवर अर्धा तास रेंडर चालवून बघा.

रॅम ३२ जीबी, १६-१६ च्या दोन पट्ट्या. १६ जीबीत ४के निभतं, पण ब्राउझर उघडला की दम लागतो. आफ्टर इफेक्ट्स रॅम का खातं याचं गणित सोपं आहे. ४के ची एक फ्रेम ८ बिटमध्ये सुमारे ३३ एमबी, १६ बिटमध्ये ६६ एमबी. सेकंदाला २५ फ्रेम्स धरल्या तर १६ बिटच्या १० सेकंदांच्या प्रिव्ह्यूला १६ जीबीहून अधिक लागतात. प्रिव्ह्यूचं रेझोल्यूशन हाफ केलं की हाच आकडा चौथाईवर येतो. रॅम वाढवण्याआधी हे करून बघावं. रोज आफ्टर इफेक्ट्स चालवणाऱ्याने ६४ जीबीचा विचार करावा.

ग्राफिक्स कार्डात आधी मेमरी बघा. ८ जीबीवर ४के टाइमलाइन चालते, पण नॉइज रिडक्शन आणि दोन-तीन जड इफेक्ट एकत्र आले की रिझॉल्व्ह जीपीयू मेमरी भरल्याचा संदेश देऊन थांबतं. १२ किंवा १६ जीबीचं मधलं कार्ड ८ जीबीच्या वेगवान कार्डापेक्षा बरं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर स्टुडिओ नावाचा टाका, गेम रेडी नावाचा नको.

आता डिस्क. विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी एक एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान) एसएसडी. चालू काम आणि कॅशेसाठी दुसरी, २ टीबीची. संपलेल्या कामासाठी साध्या हार्ड डिस्क. चौथ्या पिढीची एनव्हीएमई सेकंदाला ७००० एमबीपर्यंत जाते, तिसऱ्या पिढीची साधारण ३५००, साटा एसएसडी ५५०, हार्ड डिस्क १५० ते २००. एडिटिंगला तिसऱ्या पिढीची पुरते. घोटाळा होतो तो स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) एसएसडीत. सुरुवातीचे काही जीबी ती वेगाने लिहिते, आतली कॅशे भरली की वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो. मोठं मेमरी कार्ड कॉपी करताना आलेख मध्येच कोसळतो, तो यामुळे. पेटीवर टीएलसी (पेशीत तीन बिट) लिहिलेली घ्या आणि ८० टक्क्यांहून जास्त भरू नका.

कार्ड रीडर म्हणजे पाचशेची वस्तू असं समजून लोक दुर्लक्ष करतात. यूएचएस-१ चा (एसडी कार्डाच्या कमी वेगाच्या जोडणीचा) रीडर सेकंदाला ९० एमबीच्या आसपास देतो, म्हणजे १२८ जीबी कार्डाला २४ मिनिटं. यूएचएस-२ चं कार्ड आणि तसाच रीडर असेल तर साडेआठ-नऊ मिनिटं. यूएचएस-२ चं महाग कार्ड जुन्या रीडरमध्ये घातलं तर ते २४ मिनिटंच घेणार.

लॅपटॉप घेताना कार्डाच्या नावापुढे वॅट विचारा. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमध्ये ३५ वॅटचंही असतं आणि ११५ वॅटचंही. नाव तेच, काम निराळं. मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, ती आधीच पुरेशी घ्या. साठवण बाहेरच्या एसएसडीवर ठेवता येते, म्हणून आतल्या डिस्कवर फार खर्च नको. मूळ एम१ मध्ये प्रोरेससाठी वेगळं यंत्र नाही, एम२ पासून आहे.

जोडणी आणि बायोस

मशीन दुकानात जोडून घेतलं, तरी घरी आल्यावर हे तपासा.

१. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. पहिल्या-दुसऱ्या खाचेत लावल्या तर रॅमच्या दोन वाहिन्यांपैकी एकच वापरली जाते.

२. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावलेली हवी, मदरबोर्डला नाही.

३. डीडीआर५ रॅम असलेलं मशीन पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं पडदा काळाच राहतो. मशीन रॅमचा वेग जुळवत असतं. घाबरून बटण दाबलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

४. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा, रायझन असेल तर एक्सपो. नाही केलं तर रॅम जाहीर वेगापेक्षा कमी वेगाने चालते.

५. इंटेल असेल तर बायोसमध्येच अंगभूत ग्राफिक्स चालू करा. वेगळं कार्ड लावलं की बरेच मदरबोर्ड ते आपोआप बंद करतात. काही बोर्डांवर याला आयजीपीयू मल्टी-मॉनिटर म्हणतात, काहींवर इंटर्नल ग्राफिक्स. मग विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर दोन जीपीयू दिसायला हवेत. त्यानंतर इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका.

६. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डिकोडिंगला इंटेलची खूण करा. रिझॉल्व्ह स्टुडिओत हीच सोय प्रेफरन्सेस, सिस्टीम, डिकोड ऑप्शन्समध्ये आहे.

झालं की नाही हे कसं कळणार? ४:२:२ ची क्लिप टाइमलाइनवर प्ले करा आणि टास्क मॅनेजरमध्ये इंटेलच्या जीपीयूखालचा व्हिडिओ डिकोड आलेख बघा. तो हलला तर जमलं. तो सपाट आणि प्रोसेसर ९० टक्क्यांवर असेल, तर पाचव्या पायरीवर परत जा.

प्रॉक्सी: मशीन न बदलता वेग

जुन्या मशीनवर प्रॉक्सी हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही. मूळ क्लिपची लहान, कापायला हलकी नक्कल करायची, एडिटिंग नकलेवर आणि अंतिम रेंडर मूळ क्लिपवरून. १०८० आकाराची, २५ फ्रेम्सची प्रोरेस प्रॉक्सी सेकंदाला ३८ मेगाबिट घेते, म्हणजे तासाला १७ जीबी. तीन कॅमेऱ्यांचं पाच-पाच तासांचं फुटेज १०० मेगाबिटने घेतलं असेल तर मूळ फाइल्स ६७५ जीबी आणि वर प्रॉक्सीचे २५७ जीबी. एवढी जागा आधी रिकामी करा.

रिझॉल्व्हसोबत ब्लॅकमॅजिक प्रॉक्सी जनरेटर येतो. त्यात फुटेजचं फोल्डर दाखवा, प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर, यादीत जे असेल ते निवडा आणि रात्रभर सोडून द्या. तो प्रत्येक फोल्डरमध्ये प्रॉक्सी नावाचं उपफोल्डर करतो आणि रिझॉल्व्ह ते आपोआप ओळखतं. प्लेबॅक मेनूत प्रॉक्सी हँडलिंगखाली प्रिफर प्रॉक्सीज ठेवा. रंगकामाला बसताना मात्र प्रिफर कॅमेरा ओरिजिनल्स करा, नाहीतर दाणा आणि फोकस दोन्हीचा अंदाज चुकतो.

प्रीमियरमध्ये बिनमधल्या क्लिप्स निवडून राइट क्लिक, प्रॉक्सी, क्रिएट प्रॉक्सीज. काम मीडिया एन्कोडर करतो, तो त्याच आवृत्तीचा बसवलेला हवा. नाहीतर बटण दाबलं तरी काही होत नाही. प्रोग्राम मॉनिटरखालच्या अधिकच्या चिन्हावरून टॉगल प्रॉक्सीजचं बटण खाली ओढून घ्या. निळं असेल तर प्रॉक्सी चालू. क्लिपला चार ऑडिओ चॅनल आणि प्रॉक्सीला दोन असं झालं की जोडणी नाकारली जाते.

फोनच्या क्लिप्सचं दुखणं वेगळं. मीडियाइन्फोत फ्रेम रेट मोडपुढे व्हेरिएबल दिसलं, तर आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो. अशी क्लिप आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट आणि आरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) १६ ते १८ ठेवून बदलून घ्या.

मराठी अक्षरं का तुटतात

‘चिरंजीव’मधली वेलांटी च च्या नंतर जाऊन बसते, ‘वऱ्हाडी’तला आडवा र सुटून पाय मोडका दिसतो. फॉन्टला दोष देऊन लोक नवे फॉन्ट उतरवत राहतात. खरं कारण सॉफ्टवेअरचं टेक्स्ट इंजिन. ॲडोबीची सॉफ्टवेअर मुळात युरोपीय आणि पूर्व आशियाई लिप्यांसाठीचं इंजिन लावून येतात.

प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेस, ग्राफिक्स इथे साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न निवडा. आफ्टर इफेक्ट्समध्ये हाच पर्याय प्रेफरन्सेसमधल्या टाइपखाली आहे. फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, जुन्या आवृत्त्यांत ते प्रेफरन्सेस, टाइप इथे मिळतं. इलस्ट्रेटरमध्ये त्याच जागी शो इंडिक ऑप्शन्सला खूण, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर. सेटिंग बदलल्यावर सॉफ्टवेअर बंद करून उघडा. आधीच टाइप केलेला मजकूर पुष्कळदा तसाच तुटका राहतो, तो पुसून नव्या लेयरवर टाइप करा.

कुठलंही नवं सॉफ्टवेअर, टेम्प्लेट किंवा फॉन्ट घेण्याआधी ही ओळ टाइप करून बघा: ‘चि. सौ. कां. शृंगारे, ॲड. क्षीरसागर व वऱ्हाडी मंडळी, महाराष्ट्र, शुभ लग्न’. यात वेलांटी, जोडाक्षर, ॲ, आडवा र आणि ष्ट्र सगळं येतं. ल आणि श मराठी वळणाचे दिसतात की हिंदी, तेही कळतं. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी आणि तिरो देवनागरी मराठी हे मोफत फॉन्ट या परीक्षेला बसवून बघायला चांगले. रिझॉल्व्हमध्ये साधं टेक्स्ट आणि टेक्स्ट प्लस दोन्ही तपासा. तुटत असेल तर फोटोशॉपमधून पारदर्शक पीएनजी काढून लावा.

छापखान्याकडून पत्रिकेचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आला, तर युनिकोड फॉन्ट लावताच तो अगम्य रोमन चिन्हं होतो. कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि नंतर नावं डोळ्यांनी तपासा, कारण कन्व्हर्टर रफार हमखास चुकवतात. सबटायटलची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा.

पडदा

स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यावर ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असतं. तो एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगमापाचे जेमतेम दोन तृतीयांश रंग दाखवतो. हळदीचं फुटेज त्यावर फिकं दिसतं, एडिटर सॅच्युरेशन वाढवतो आणि गिऱ्हाइकाच्या ओएलईडी फोनवर नवरी नारिंगी होते. कमीत कमी १०० टक्के एसआरजीबी दाखवणारा आयपीएस मॉनिटर घ्या. ब्राइटनेस १०० ते १२० निट, पांढरा रंग डी६५. अंधाऱ्या खोलीत गॅमा २.४, उजेडात २.२. मॉनिटरवर विश्वास नसेल तर सॉफ्टवेअरमधल्या व्हेक्टरस्कोपवर (रंग मोजणाऱ्या आलेखावर) ठेवा. त्वचेचा रंग स्किन टोनच्या रेषेजवळ असेल तर पडदा काहीही म्हणो.

वीज, ऊन आणि नकला

६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. रेंडर चालू असताना मशीन आणि मॉनिटर मिळून ४०० ते ४५० वॅट ओढतात, त्यामुळे वीज जाताच यूपीएसही जातो. किमान १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या. तोही काम करत राहायला नाही, जतन करून बंद करायला. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते ३ च्या वर असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करा.

विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर गेला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि दहा मिनिटांचं रेंडर पंधरावर जातं. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. नव्या मशीनमध्येच सतत १०० दिसत असेल तर कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची चकती काढायची राहिली असण्याची दाट शक्यता आहे.

मेमरी कार्ड कॉपी करताना फाइल्स ओढून टाकू नका. रिझॉल्व्हच्या मीडिया पानावर क्लोन टूल आहे, मोफत आवृत्तीतही. कार्ड उगमात टाका, दोन वेगळ्या डिस्क गंतव्यात टाका आणि सुरू करा. ते प्रत्येक फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा) जुळवतं. मॅक आणि विंडोज दोन्हींवर फिरणारी डिस्क एक्सफॅटमध्ये असते आणि तिला जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) नसतं. केबल ओढण्याआधी इजेक्ट केलं नाही तर अख्खं फोल्डर रिकामं दिसू शकतं. दोन्ही नकला उघडून प्रत्येक फोल्डरमधली शेवटची क्लिप चालवून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.